बस्ता, मोबाईल आणि पदराची उलटी बाजू: लातूर जिल्ह्यातल्या एका लग्नखरेदीचं प्रकरण

मार्च 2025 मधली दुपार. लातूरच्या गंजगोलाईपासून दोन मिनिटांवर असलेल्या एका कापड दुकानाच्या माडीवर आम्ही चौदा जण गाद्यांवर बसलो होतो. मुलीकडचे आठ, मुलाकडचे सहा. मधे साड्यांचा ढीग, कडेला चहाचे रिकामे कप. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचे बस्ते ज्यांच्या हातून बांधले गेले, ते दुकानातले मामा शालूमागून शालू उलगडत होते. आणि नवरी मुलगी, माझ्या चुलत भावाची लेक, खाली मान घालून मोबाईलवर बोट फिरवत होती.

“काय बघायलीस गं एवढं? साड्या इथं टाकल्यात की,” काकू म्हणाल्या.

तिनं मोबाईल मामांपुढे धरला. “मामा, असा रंग आहे का?”

पडद्यावर कुणा अनोळखी नवरीचा फोटो होता. रंग धड गुलाबी नाही, धड जांभळा नाही, वाळलेल्या डाळिंबाच्या सालीसारखा. मामांनी चष्मा नाकावर घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, काठ पाहिला, पदर पाहिला. मग म्हणाले, “बाई, हा रंग सकाळच्या कोवळ्या उन्हातला आहे. तुमची अक्षता दुपारी साडेबाराची, मांडवाखाली. तिथं हा विटकरी दिसंल.” त्यांनी ढिगातून दोन शालू ओढले, आधी जिन्याजवळच्या खिडकीत नेऊन धरले, मग आत ट्यूबलाइटखाली. तेच कापड दोन ठिकाणी दोन रंगांचं दिसलं. भाचीनं मोबाईल गादीवर पालथा ठेवला आणि उठून खिडकीपाशी गेली.

मी वाणिज्य शिकवते. ग्राहक वर्तनाचा धडा घेताना उदाहरणं द्यावी लागतात ती मोठ्या शहरांतल्या मॉलची, आणि समोर बसलेली मुलं औसा, रेणापूर, चाकूरकडची. आमच्याकडचा ग्राहक पुस्तकात सापडतच नाही, ही खंत मला कायम होती. म्हणून हे एक लग्न मी पहिल्या यादीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत टिपून ठेवलं. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नावं कुणाचीच देत नाही.

आधीचा बस्ता

माझं लग्न 1996 सालचं. माझा बस्ता बांधायला वडील, चुलते, मामा आणि आत्या लातूरला गेले, त्या दिवशी मी घरी भाकऱ्या थापत होते. रात्री टेम्पोतून गठ्ठे उतरले, तेव्हा मला कळलं की माझा शालू हिरवा आहे. रंग चांगलाच होता. मला विचारलं कुणी नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. पुष्कळ घरांत हीच रीत होती. नवरीसाठी शालू आत्या-मावश्या निवडायच्या, आणि किमतीचं बोलणं घरातला कर्ता नि दुकानाचे शेठ यांच्यात हळू आवाजात व्हायचं.

दुकानही ठरलेलं असे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ. ही गोल पेठ 1917 ची. इथे सराफ्याचा रस्ता वेगळा, चपलांचा वेगळा, मिरची-गुळाचा वेगळा. चार पावलं टाकली की चार दुकानांतला भाव कळेल अशी ही रचना, पण बस्त्याच्या वेळी कुणी चार दुकानं फिरत नसे. ओळखीच्या शेठच्या डोळ्यांदेखत शेजारच्या पायऱ्या चढायच्या कशा? त्या संकोचाला एक किंमत होती आणि ती साडीच्या किमतीत धरलेली असायची. उधारीचंही तसंच. सोयाबीनची पट्टी आली की द्या, असं शेठ म्हणायचे. त्यात माणुसकी होती, आणि त्याच बोलण्यानं गिऱ्हाईक पुढच्या लग्नापर्यंत बांधलंही जात होतं. जुन्या व्यवहाराचं गुणगान गाताना ही दुसरी बाजू आपण विसरतो, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

फोन घरात आला तो असा

लातूरकरांना 2016 हे साल मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेमुळे आठवतं. त्याच एप्रिलमध्ये देशात यूपीआयची सुरुवात झाली. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. 8 नोव्हेंबरला 500 आणि 1,000 च्या नोटा बंद झाल्या. आमच्या गावात या तिन्ही गोष्टी लगेच पोचल्या असं मी म्हणणार नाही. दादांच्या, म्हणजे भाचीच्या वडिलांच्या हाती पहिला स्मार्टफोन आला तो 2020 च्या टाळेबंदीत, लेकीच्या ऑनलाइन तासांसाठी. घरात एकच फोन. सकाळी तिचे तास, दुपारी दादा बाजारभाव बघायचे, रात्री तो पुन्हा तिच्याकडे. जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामवर रील सुरू झाले, आणि अभ्यासासाठी आणलेल्या त्या फोनवर रात्रीचं दुसरं शिक्षण चालू झालं.

दुकानात क्यूआर लागला त्याचं कारण अगदी साधं होतं. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं. कार्डाचं यंत्र ठेवायला कुरकुरणाऱ्या शेठनी हा कागद मात्र आनंदानं गल्ल्यावर चिकटवला. ऑगस्ट 2023 मध्ये देशभरातले यूपीआय व्यवहार एका महिन्यात 1,000 कोटींच्या वर गेले. त्यातले कितीतरी आमच्याकडच्या चहाच्या टपरीवरचे दहा-दहा रुपयांचे असणार.

यादी आणि यादीचं शेपूट

दादांची औसा तालुक्यात सहा एकर जमीन. सोयाबीन, तूर, हरभरा. 2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच बोली लागत होती. तशा वर्षात लग्न ठरलं. फेब्रुवारीत सुपारी फुटली, याद्या झाल्या. दादांनी जुन्या वहीत ओळी मारून लिहिलं: नवरीचा शालू, मुलाकडच्या मानाच्या साड्या अकरा, देण्याघेण्याच्या साड्या साठ, टॉवेल-टोपी पंचाहत्तर, फेटे, नवरदेवाचा पोशाख. ही यादी त्यांच्या बहिणीच्या लग्नात होती तीच. एक ओळ कमी करायची म्हटली तरी कुणी ना कुणी रुसणार.

दुसरी यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर तयार झाली. हळदीला सगळ्यांनी पिवळं, मेंदीला हिरवं, करवल्यांना एकसारखे घागरे, लग्नाआधीच्या फोटोशूटला भाड्याचा गाऊन, आणि हळदीच्या जागेला फुलांची सजावट. घरातल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यातून यातली एकही गोष्ट निघालेली नव्हती. आमच्याकडे हळदीला नवरीला जुनं लुगडं नेसवायचे, कारण हळदीचा डाग धुऊन जात नाही. घरातलं सगळ्यात टाकाऊ वस्त्र ज्या दिवसासाठी काढायचं, त्याच दिवसासाठी आता बावीस नव्या पिवळ्या साड्या आणि कुर्ते घ्यायचे होते.

भाचीला मी विचारलं, हे तुला कुठून सुचलं? ती म्हणाली, “आत्या, सगळेच करतात.”

हे “सगळे” कोण, ते शोधायला मी एका संध्याकाळी तिच्यासोबत बसले. तिनं वर्षभरात जमवलेले त्रेचाळीस फोटो आणि रील आम्ही एकेक करून उघडले. नवऱ्या लातूरच्या नव्हत्या, बऱ्याचशा महाराष्ट्रातल्याही नव्हत्या. चार ठिकाणी नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा मोबदला घेऊन केलेला मजकूर आहे. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर तसं स्पष्ट सांगणं आपल्याकडे 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंधनकारक आहे, म्हणून ती ओळ तिथं होती. भाचीनं ती एकदाही वाचलेली नव्हती. फोन वापरायला शिकवणाऱ्या कुणीच तिला तिकडे बघायला सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एका हळदीच्या रीलवर ती पाच-सात सेकंद थांबली की पुढची तीन-चार हळदीचीच. आपण कुठे थांबतो ते हे अॅप मोजतं आणि तेच पुन्हा आपल्या ताटात वाढतं. चार महिने रोज रात्री असं चाललं की जगातलं प्रत्येक लग्न असंच होतं असं वाटायला लागतं. गंमत म्हणजे नवरदेवाच्या बहिणीच्या फोनवरही तोच पिवळा रंग होता. दोन घरांची ओळख महिन्याभराची, तरी दोन्हीकडच्या पोरींना एकच हळद हवी होती, आणि त्यावरून त्यांची दोस्ती जमली. हे मला मनापासून आवडलं. माझ्या वेळी नणंद-भावजय पहिल्यांदा बोलल्या त्या मांडवात.

पण खर्चाचा हिशोब केला तेव्हा दिसलं की नव्या यादीनं जुन्या यादीतलं काहीही काढलेलं नव्हतं. मानपान तसाच राहिला आणि त्याला नवं शेपूट जोडलं गेलं. तरुण पिढी ऑनलाइन गेली की जुन्या रीती आपोआप गळून पडतील, असं मी वर्गात सांगत आले होते. या लग्नात तसं काही घडलं नाही. देण्याघेण्याच्या साठही साड्या घेतल्या गेल्या, ज्यातल्या निम्म्या कुणी नेसणार नाही आणि पुढच्या लग्नात फिरवल्या जातील.

वहिनीची पैठणी

या प्रकरणात माझा जीव सगळ्यात जास्त गुंतला तो इथे.

वहिनीच्या खात्यावर जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दीड-दीड हजार येत होते. जानेवारीपर्यंत सात हप्ते, साडेदहा हजार रुपये. तिनं त्यातला एक रुपया काढला नव्हता. पंचवीस वर्षं शेतात राबलेल्या या बाईच्या नावावर पहिल्यांदा असे पैसे होते, ज्यांच्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नव्हता. ती म्हणाली, “शालू त्यांच्या पैशाचा येऊ द्या. पैठणी मी घेणार माझ्या लेकीला.”

फेब्रुवारीतल्या एका रात्री अकराच्या सुमारास मायलेकींनी फोनवर पैठणी शोधली. 21,999 वर काट मारून 7,999. खाली लिहिलं होतं, हातमागावर विणलेली अस्सल पैठणी. शेजारी लाल अक्षरात “फक्त 2 शिल्लक” आणि उलटं मोजणारं घड्याळ. आगाऊ पैसे भरले तर आणखी दोनशे कमी. वहिनीनं स्वतःच्या बोटानं पिन टाकला. आयुष्यातली तिची ही पहिली खरेदी, जिथे दुकानात तिच्या बरोबर कुणीही पुरुष नव्हता.

आठ दिवसांनी कुरिअरवाल्यानं फाट्यावर बोलावलं. साडी घरी आली, सगळ्यांनी हात पुसून घेतले, घडी उलगडली. जांभळा रंग, पदरावर मोर, चमक भरपूर. वहिनीनं पदर हातावर घेतला आणि तिच्या बांगडीत मागच्या बाजूचा एक दोरा अडकला. सोडवायला गेली तर दुसरा अडकला.

काकू उठून आल्या. त्यांनी काही न बोलता पदर उलटा केला. मागे सुटे दोरे या मोरापासून त्या मोरापर्यंत जाळ्यासारखे ताणलेले होते. काकूंनी त्यावरून अंगठा फिरवला. “पैठणीला उलटं-सुलटं नसतंय, माय.”

पैठण आमच्याच मराठवाड्यातलं. हातमागावरच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी विणताना प्रत्येक रंगाचा दोरा आपल्या जागी मागे फिरवतात आणि शेजारच्या रंगात अडकवतात, त्यामुळे मोर पुढून जसा दिसतो तसाच मागून. यंत्रमागावर दोरा पाठीमागून लांबवर ओढत नेतात. म्हणून तिथे जाळं तयार होतं किंवा कापलेली टोकं राहतात. हाताच्या विणीला कित्येक आठवडे जातात, आणि किंमत त्या आठवड्यांची असते. काकूंना हे कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यभर कापड हाताळून त्यांच्या बोटांना ते माहीत झालं होतं. फोनवर त्या साडीचे नऊ फोटो होते. नवातल्या एकातही पदराची मागची बाजू नव्हती.

वहिनीनं घडी घातली, साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत परत ठेवली आणि म्हणाली, “राहू द्या. माझंच चुकलं. आपल्याला काय कळतंय त्यातलं.”

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की ते ऐकलं की माझ्या पोटात तुटतं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला हातमागाची म्हणून सांगून यंत्रमागाची साडी दिली होती. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सांगितलेल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं बंधनकारक आहे. “फक्त 2 शिल्लक” अशी खोटी घाई लावणं तर 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांत नाव घेऊन नोंदलेलं आहे. त्या घड्याळाची गंमत भाचीनंच पकडली. दुसऱ्या दिवशी तिनं तेच पान उघडलं, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू आणि साड्या पुन्हा दोनच शिल्लक.

परत पाठवण्याची पहिली विनंती नाकारली गेली. साडी वापरलेली दिसते, असं उत्तर आलं. मग आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आलं, त्यामुळे वहिनी स्वतःच बोलली, मी शेजारी बसून होते. सोबत दोन फोटो जोडले: एक भाचीनं आधीच काढून ठेवलेला जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ज्यात “हातमागावर विणलेली” असं स्पष्ट होतं, आणि दुसरा पदराच्या उलट्या बाजूचा. रील जमवण्याच्या ज्या सवयीवर काकू रोज ओरडायच्या, तीच सवय इथे उपयोगी पडली. एकोणीस दिवसांत पैसे वहिनीच्या खात्यावर परत आले.

आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. 2019 च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आधी बहुधा विक्रेत्याच्या गावी पळावं लागे. आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. औशाच्या बाईला लातूरमध्ये दाद मागता येते ही फार मोठी गोष्ट आहे. गावोगावच्या बचत गटांत हे कुणी जाऊन सांगत का नाही?

बस्त्याच्या दिवशी वहिनीनं मामांना सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, एवढ्या पैशात पैठणी बसंल का? मामा म्हणाले, “ताई, एवढ्यात आमच्याकडं हातमागाची येत नाही. ही बघा, चार हजाराची. मशीनवरची आहे, सेमी म्हणत्यात हिला. मी सेमी म्हणूनच देणार.” त्यांनी न सांगता पदर उलटा करून दाखवला. मागची टोकं नीट कापलेली होती. वहिनीनं ती घेतली. परत केलेल्या साडीहून ती फार वेगळी होती असं नाही. आधीची खोट धाग्यात नव्हती, नावात होती, आणि हे वहिनीनं मला परतीच्या जीपमध्ये माझ्याआधी सांगितलं.

पैशाचा आवाज

बस्त्याचं बिल 1,38,000 झालं. दादांनी तुरीची आणि हरभऱ्याची पट्टी खात्यावर ठेवली होती. पण यूपीआयनं दिवसाला साधारण एक लाखच पाठवता येतात. तेवढे त्यांनी पाठवले आणि गल्ल्यावरच्या डबीनं मोठ्यानं सांगितलं, “एक लाख रुपये प्राप्त झाले.”

माडीवर एकदम शांतता पसरली. मुलाकडच्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. दादांनी मान खाली घातली. जो आकडा पूर्वी कर्ता आणि शेठ यांच्यातच राहायचा, तो आता चौदा जणांच्या कानावर गेला. नवरदेवाचे चुलते हसत म्हणाले, “पाव्हणे, तुमचं बरं चाललंय की.” दोन दिवसांनी त्यांच्याकडून मानाच्या साड्यांत आणखी तीन नावं आली. याला कारण ती डबी, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. दादांना मात्र तसंच वाटतं.

उरलेल्यांतले 22,000 भाच्यानं, म्हणजे नवरीच्या भावानं, चाकणहून पाठवले, क्यूआरचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवून. शेवटचे 16,000 शेठनी वहीत लिहून घेतले. सोयाबीन निघाल्यावर बघू, म्हणाले.

30 एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला लग्न लागलं. हळद अगदी रीलमधल्यासारखी पिवळीधमक झाली. पत्रिका व्हॉट्सअॅपवर गेली म्हणून एक मावशी रुसल्या, मग दादा स्वतः अक्षता घेऊन त्यांच्या दारात जाऊन आले. आहेर निम्मा पाकिटांतून आला, निम्मा फोनवर. दोन्ही दादांनी वहीतच उतरवला, कारण तो पुढे फेडायचा असतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. माझ्या भाच्याचं नाव घेऊन तो म्हणाला, तुमच्या नातेवाइकानं कर्ज बुडवलंय, त्याला सांगा, नाहीतर सगळ्या पाहुण्यांना कळवू. त्याच दुपारी असाच फोन नवरदेवाच्या घरी गेला.

भाच्यानं फोटोशूट आणि सजावटीसाठी एका अॅपवरून 45,000 काढले होते. दहा मिनिटांत मंजूर. घरात कुणाला पत्ता नाही. शुल्क कापून हातात पडले त्याहून बरेच कमी, आणि एक हप्ता आठवडाभर लांबला तेवढ्यात फोन सुरू झाले. अॅप घेताना त्यानं संपर्कयादी बघायची परवानगी दिली होती. कर्जाच्या अॅपनं फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2 सप्टेंबर 2022 च्या सूचनांत सांगितलं आहे. एकूण खर्च मांडणारं पत्रकही कर्जदाराला आधी मिळायला हवं. त्याला असं पत्रक मिळालेलं नव्हतं. आम्ही सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार केली. जुलै 2025 पासून नियंत्रित संस्थांच्या कर्ज-अॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बघता येते. आम्ही शोधलं तेव्हा हे अॅप त्यात सापडलं नाही. फोन थांबले. पण नव्या सुनेला सासरच्या पहिल्या महिन्यात जे ऐकून घ्यावं लागलं, ते कुठल्या पोर्टलवर परत मिळणार?

भाच्याला मी रागावले नाही. बहिणीच्या मनासारखी हळद व्हावी म्हणून त्यानं ते केलं, आणि दादांकडे मागायची त्याला लाज वाटली. शेठकडे उधार मागायचं तर समोर बसावं लागतं, घरचं सांगावं लागतं, शेठ दोन प्रश्न विचारतात. त्या दोन प्रश्नांचा त्रास अॅपनं वाचवला, म्हणून त्याला ते सोपं वाटलं. खर्च आपल्याला झेपेल का, हे त्याला विचारणारं मात्र कुणीच उरलं नाही.

मग सप्टेंबर 2025 आला. मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितला. दादांचं काढणीला आलेलं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं होतं. निघालं तेवढं काळं पडलेलं. शेठ एकदा मोंढ्यात भेटले, पिकाचं विचारलं, सोळा हजारांचा विषय काढला नाही.

दिवाळी झाल्यावर दादा सहा हजार रोख घेऊन दुकानात गेले. मी बरोबर होते. शेठनी नव्या वहीत नाव काढून रक्कम लिहिली आणि चहा सांगितला. माडीवरून मामांचा आवाज येत होता, म्हणून मी वर गेले. गाद्यांवर एकही गिऱ्हाईक नव्हतं. समोर तिकाटण्यावर मोबाईल लावलेला, पलीकडे व्हिडिओ कॉलवर निलंग्याकडचं कुणी कुटुंब, पाच-सहा चेहरे एका चौकटीत दाटीवाटीनं. मामांनी एक साडी आधी खिडकीत धरली, मग ट्यूबलाइटखाली आणली. नंतर पदर उलटा केला, मागच्या दोऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी नेला.

पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, “आजून जवळ धरा, बाबा. दिसंना.”

मामांनी चष्मा कपाळावर सारला आणि पदर आणखी पुढे केला.